इमारत क्रमांक सहा कोणी उघडली

ताइफ,
शुक्रवार, २६ जानेवारी २०१८

प्रिय तौकीर,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. आमच्या विद्यापीठाच्या मुलींच्या विभागातील इमारत क्रमांक सहा पुरात बुडाली आणि ठरल्या दिवशी पुन्हा उघडली. ती उमैरने उघडली, मी नव्हे. तुझ्या अम्मीने, खतीजाने, गावात याच्या नेमके उलट सांगितले आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे सौदीच्या राजाला अडचण आली तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातून माणूस बोलवावा लागला. डीनच्या कार्यालयाने काढलेला माझा फोटो तिने साऱ्या मोहल्ल्याला पाठवला, तो तुझ्यापर्यंतही आला, आणि तू खाली इंग्रजीत लिहिलेस की तुला अब्बांचा अभिमान वाटतो. ते वाचून मला बरे वाटले, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या विधानावर ते अभिनंदन उभे आहे ते विधान चुकीचे आहे. फोनवर मी हे दोनदा सांगू पाहिले. दोन्ही वेळा तू "ओके अब्बा" म्हणालास आणि मागून सूनबाई हफीजाने मुलांना जेवायला हाक मारली. फोनवर मुद्दा सुटतो. कागदावर तो धरून ठेवता येतो, म्हणून हे पत्र.

उमैरची ओळख आधी करून देणे भाग आहे. दीड वर्षापूर्वी त्याला माझा, म्हणजे देखभालीच्या इंजिनिअरचा, साहाय्यक म्हणून पाठवले गेले. निताकात, म्हणजे सौदींनाच नोकऱ्या देण्याचा नियम, आल्यापासून 'साहाय्यक' या शब्दाचा अर्थ इथे सर्वांना ठाऊक आहे: सौदी मुलगा काम शिकला, की शिकवणाऱ्याची गरज संपली. मुलगा ताइफचाच, सव्वीस वर्षांचा, स्थापत्य शाखेचा पदवीधर. पहिल्या दिवशी दहा वाजता आला, तोही हातात कॉफीचा पेला घेऊन, आणि मला "या अम्म" म्हणाला. आपल्याकडे ओळख नसलेल्या वडीलधाऱ्याला काका म्हणतात, तसे. मी घड्याळाकडे पाहिले. त्याने ते पाहिले आणि विचारले, "या अम्म, इथे सर्वांत कंटाळवाणे काम कोणते? ते पहिले शिकवा, म्हणजे पुढचे सगळे बरे वाटेल." मी त्याला गटारांच्या झाकणांकडे नेले. माझा अंदाज होता की आठवड्यात तो बदली मागेल. त्याने मागितली नाही. तो दहालाच येत राहिला आणि माझ्यानंतर जात राहिला. या दोन गोष्टींपैकी पहिलीच मी बराच काळ मोजली.

नोव्हेंबरच्या अखेरीस मी तुझ्या चुलतबहिणीच्या, दुआच्या, निकाहसाठी गावी होतो. तुला सुट्टी मिळाली नव्हती. निकाहच्या दुसऱ्याच दुपारी, मांडवाच्या खुर्च्या मोजून परत देत असताना, उमैरचा फोन आला. ताइफ डोंगरावर आहे, तिथे गारा पडतात, वारे सुटतात. पण त्या दिवशी वाऱ्याने छपराचे पत्रे आणि गच्चीवरची एसीची यंत्रे उचलून फेकली, गारांनी गच्चीच्या पन्हाळी बुजल्या, आणि वरच्या कोरड्या दरीतून आलेला लोंढा कुंपण पाडून थेट इमारत क्रमांक सहामध्ये शिरला. "या अम्म, सहा नंबरने पोट फुटेपर्यंत पाणी प्यायले आहे," तो म्हणाला. "आत कोणी नव्हते, अल्हम्दुलिल्लाह." मी विचारले, पाणी पार्किंगच्या बाजूने आले का? "हो. तुम्हाला कसे कळले?" मी म्हणालो, उतार तिकडचाच आहे.

पाच डिसेंबरला मी परतलो. तळघरातील ग्रंथालयात छातीइतका गाळ होता. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळांत पाणी कमरेपर्यंत चढून उतरले होते. त्याची तपकिरी रेघ प्रत्येक भिंतीवर एकाच उंचीला, आखणीच्या दोरीने मारावी तशी सरळ होती. त्याच दिवशी परिपत्रक निघाले. दुसरे सत्र एकवीस जानेवारीला सुरू होणार. तोपर्यंत इमारतीला सुरक्षा समितीचा दाखला मिळाला नाही, तर तिथल्या तीनशे चाळीस मुलींना जेद्दाहच्या विद्यापीठात सामावून घेतले जाईल. कागदावर हे उदार वाटते. प्रत्यक्षात ताइफच्या जुन्या घरांतून मुलगी शिकायला जेद्दाहला एकटी राहणार नाही, हे कोणी लिहिले नसले तरी सर्वांना कळत होते. उमैरची धाकटी बहीण नबीला त्याच इमारतीत रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होती. त्यांच्या वडिलांनी जेवताना एकदाच सांगितले होते की, जेद्दाह नाही. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही; पण रोज सकाळी उमैरच्या फोनवर बहिणीचा एकच प्रश्न येऊ लागला: किती झाले? तो मला दाखवायचा आणि म्हणायचा, "बघा या अम्म, माझा खरा कफील." कफील म्हणजे ज्याच्या शिक्क्यावर आमचा इथला मुक्काम टिकतो तो मालक.

समितीची अट दोन भागांची होती. एक, इमारत कोरडी आणि दुरुस्त असावी. दोन, पाणी आत का आले याचे कारण सापडावे आणि ते पुन्हा येणार नाही याची खात्री पटावी. पहिल्या भागात माझे काम होते, आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. तो मी लपवणार नाही. ठेकेदाराचे म्हणणे असे की वाळवंटाची हवा आहे, दहा दिवसांत भिंती सुकतील, रंग लावू आणि मोकळे होऊ. हवा कोरडी असली की भिंत कोरडी असते, हे अनुमान सदोष आहे. कोकणातल्या माणसाला ओल शिकवावी लागत नाही. आपल्या घराची मागची भिंत दिवाळीपर्यंत वरून कोरडी दिसते आणि हात लावला की गार लागते, हे तू पाहिले आहेस. मी प्रत्येक खोलीच्या भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्के चिकटवून घेतले. दुसऱ्या सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब होते. ठेकेदाराला मी एकेका खोलीत नेऊन ते दाखवले, आणि बाराव्या खोलीत तो म्हणाला, "खलास, खलास, पटले." कमरेपर्यंतचे सारे जिप्सम बोर्ड कापून काढले, भिंतींचे पोट उघडे केले, पंखे लावले, आणि थेंब येणे थांबल्याशिवाय एकाही खोलीला रंगाचा ब्रश लागू दिला नाही. उमैर आधी हसला होता. मग तो माझ्याआधी येऊन प्लास्टिक तपासू लागला. दहाची वेळ त्याने कधी सोडली ते मला कळलेच नाही.

पुस्तकांचे काम रहमतुल्लाने केले. हा आमचा पंपचालक, सिल्हेटचा, अकरा वर्षे इथे आहे. गाळातून काढलेली पुस्तके त्याने धुतली आणि गच्चीवर दोऱ्यांवर, पायऱ्यांवर, पत्र्यांवर उन्हात उघडी मांडली, वाऱ्याने पाने फाटू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा ठेवला. त्याला यातले एकही अक्षर वाचता येत नव्हते. मी विचारले की कोणते आधी वाळवायचे हे कसे ठरवतोस, तर म्हणाला, "साहब, जो ज़्यादा पढ़ी हुई है, उसका कोना मुड़ा है। लड़कियाँ पहले वही ढूँढेंगी।" माझ्या साठ वर्षांत मी याहून निर्दोष युक्तिवाद थोडे ऐकले आहेत. सुमारे चार हजार पुस्तके बचावली.

मुलींच्या विभागात एरवी पुरुषाला प्रवेश नाही. नळ बिघडला तरी आम्ही लेखी परवाना घेऊन, पहारेकऱ्याने आत हाक देऊन सर्वांना बाजूला केल्यावर, जायचो आणि खाली मान घालून परत यायचो. त्यामुळे इतकी वर्षे सांभाळलेली ती इमारत आम्ही या सत्तेचाळीस दिवसांत प्रथमच पूर्ण पाहिली. आतल्या चौकात एक लिंबाचे झाड होते, हे मला माहीतच नव्हते. त्याच्या मुळांशी गाळ होता. उमैरने तो स्वतः हाताने काढला. नबीलाने तसे बजावले होते म्हणे.

आता दुसरा भाग, आणि माझ्या विधानाचा मुख्य पुरावा. पाणी आत का आले? नकाशांप्रमाणे ते यायला नको होते. दरीचे पाणी वाहून नेणारा भूमिगत नाला पुरेसा मोठा होता आणि साफही होता. समितीचे लोक दोनदा आले, नकाशे पाहून दोनदा मान हलवून गेले. दाखल्याची गाडी तिथे अडली. भिंती सुकत होत्या, वायरिंग नवे होत होते, आणि या एका उत्तरावाचून सगळे फुकट जाणार होते. तेव्हा उमैरने नकाशे गुंडाळून ठेवले. त्याने रंगाची भुकटी आणली, लाल, निळी, हिरवी. प्रत्येक गटारात, प्रत्येक पन्हाळीत तो रंगीत पाणी ओतायचा आणि रहमतुल्लासह खालच्या तोंडाशी जाऊन कोणता रंग किती वेळाने बाहेर पडतो ते पाहायचा. रबरी बूट घालून तो स्वतः नाल्यात शिरायचा. चौथ्या दिवशी त्याचा पांढरा पायघोळ तोब जांभळा झाला होता आणि सुरक्षारक्षकाने त्याला मजूर समजून दारात अडवले. "इकामा दाखव," असे एका सौदीला सौदी रक्षकाने म्हणण्याचा, परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना मागण्याचा, तो प्रसंग रहमतुल्ला अजूनही हातवारे करून सांगतो. मजुरांच्या जेवणाच्या खोलीत उमैरने एक भिंतभर कागद लावला आणि त्यावर जमिनीखालचे सगळे, प्रत्यक्ष पाहिलेले तेवढेच, तो काढू लागला. पदवी घेतलेल्या मुलांपैकी किती जण असे करतात ते तू माझ्याहून चांगले जाणतोस.

एकोणिसाव्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर, तो मला पार्किंगच्या कोपऱ्यात घेऊन गेला. त्याने ओतलेले हिरवे पाणी मुख्य नाल्यात पोचलेच नव्हते. मधेच कुठेतरी अडून मागे येत होते. त्याने फरशीचे चार ठोकळे उचलले. खाली लोखंडी झाकण, झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात हातचाकाची एक झडप होती. ती बंद होती. तिच्यापलीकडे दुसरा एक नाला पार्किंगखालून थेट खालच्या दरीत जात होता. कोणत्याही नकाशावर तो नव्हता. इमारत वाढवताना तेव्हाच्या ठेकेदाराने जागेवरच मार्ग बदलला होता आणि कागद बदलायचे राहून गेले होते. झडप उघडी असती तर लोंढा त्या वाटेने निघून गेला असता. उमैर खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला आणि म्हणाला, "या अम्म, तुम्ही फोनवर पार्किंगचे विचारले होते." मग त्याने झडपेकडे बोट केले. "तुम्हाला ही माहीत होती?" मी म्हणालो, जुने काम आहे, पुष्कळ गोष्टी राहून जातात. तौकीर, हे वाक्य खोटे नाही. आणि ते उत्तरही नाही. त्याने माझ्याकडे पाहिले, फार वेळ नाही, मग उठून कपडे झटकले आणि रहमतुल्लाला हाक मारली, "यल्ला, मोठा पाना आण."

चाकाला तेल घातलेले होते. ते एका हाताने फिरले. चौदा वर्षे जमिनीखाली पडलेले चाक एका हाताने का फिरते, हे रहमतुल्लाला कळले आणि उमैरलाही.

ते मीच घातलेले तेल होते. दर ऑक्टोबरच्या एखाद्या शुक्रवारी, विद्यापीठ रिकामे असताना, मी एकटा जाऊन झडप उघडत असे, आणि पाऊस संपला की वाळू व भटकी कुत्री आत शिरू नयेत म्हणून बंद करत असे. कोणी शिकवले नव्हते आणि कोणाला शिकवले नव्हते. आपली आखाती माणसे ज्याला शहाणपण म्हणतात ते हेच: सगळे दाखव, एक ठेव. ज्याच्याकडे ते एक असते त्याचा इकामा पुढच्या वर्षी वाढतो. यंदा ऑक्टोबरमध्ये पार्किंगच्या फरशीचे काम चालू होते. शुक्रवारीही माणसे असत. कोणाच्या नजरेस न पडता झडप उघडणे शक्य नव्हते, म्हणून मी ती सुट्टीवरून परतल्यावर उघडायची ठरवली. पावसाने माझ्या सोयीची वाट पाहिली नाही. आणि परतल्यावर, ते एकोणीस दिवस, उमैर नाल्यातून जांभळा होऊन वर येत असताना, मला उत्तर माहीत होते. ते सांगावे तर पुढचा प्रश्न असा येणार होता की आधी का सांगितले नाही. म्हणून मी भिंतींवर प्लास्टिक चिकटवत राहिलो.

उमैरने नवा नकाशा पुरा केला. झडप, नाला, उघडण्याची आणि बंद करण्याची तारीख, चाक कोणत्या दिशेला फिरवायचे, सारे त्यात होते, आणि इतक्या सोप्या खुणांनी की मुलींच्या विभागातल्या देखरेख करणाऱ्या बायकांनाही ते वाचता यावे. समितीने तो पाहिला आणि दाखल्यावर सह्या केल्या. सत्र सुरू व्हायला पाच दिवस होते. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे माहितीचा स्रोत लिहितात, त्याने अरबीत लिहिले होते: इंजिनिअर सिराजुद्दीन यांनी दाखवल्याप्रमाणे. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "तुम्ही मला गटारांची झाकणे दाखवली होती, या अम्म. पहिल्याच दिवशी. तिथूनच तर निघालो." माझ्या वयाच्या माणसाला त्याने वाचवले, आणि तेही असे की मला आभार मानण्याचीसुद्धा सोय राहू नये. डीनने फोटो काढला तो त्या नकाशासमोर. खतीजाने मोहल्ल्याला पाठवला तो हाच.

एकवीस तारखेला सकाळी सात वाजता गाड्या येऊ लागल्या. पुरुष फाटकाबाहेर, हा नियम. सत्तेचाळीस दिवस ज्यांनी ती इमारत हातांनी घासली ते सगळे फूटपाथवर उभे होते. रहमतुल्लाने इस्त्रीचा सदरा घातला होता. नबीलाला तिच्या वडिलांनी स्वतः सोडले. त्यांनी उमैरकडे पाहून फक्त हनुवटी हलवली आणि गाडी वळवली. मुली आत गेल्या, फाटक मिटले, आणि आम्हांला काही दिसेना, काही ऐकू येईना. वीस मिनिटांनी उमैरचा फोन वाजला. बहिणीचा संदेश होता: प्रयोगशाळेतला चौथा नळ गळतो. उमैर इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. इमारत उघडली याचा तो पुरावा होता. बंद इमारतीच्या नळाची तक्रार कोणी करत नाही. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो माझ्या कामाचा कमी आणि त्याचा अधिक होता, आणि मी माझ्या उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या मुलाबद्दल तो प्रथमच अनुभवला.

माझे विधान येथे सिद्ध झाले आहे. तरीही हे पत्र तुला का, हे सांगायचे उरते. गेल्या ईदला तू रियाधहून फोनवर म्हणालास की रुग्णालयात डायलिसिसच्या पाण्याचा जो प्लांट तू सांभाळतोस, तिथे अली नावाचा सौदी मुलगा तुझ्या हाताखाली दिला आहे. त्याला सगळे शिकवतोस, फक्त मुख्य पंप बंद पडला तर राखीव वाटेने पाणी कसे वळवायचे, तेवढे ठेवले आहेस. आणि मी म्हणालो, शाब्बास. मार्चमध्ये तू तीन आठवडे गावी येणार आहेस. आमच्या तळघरात पुस्तके होती. तुझ्या यंत्रांना माणसे जोडलेली असतात. तिकीट काढण्याआधी अलीला त्या राखीव वाटेच्या झडपेपाशी घेऊन जा, चाकावर त्याचा हात ठेव, आणि ते भिंतीवर लिहून लाव. तुझी नोकरी त्यामुळे जाईल की राहील, याबद्दल माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी काही वचन देत नाही. पुढील निवेदन मी काल अरबीत डीनच्या कार्यालयात दिले आणि नकाशावरचे माझे नाव काढायला सांगितले. त्याची मराठी प्रत तुझ्यासाठी, कारण त्यातला अर्धा दोष मी तुला शिकवला आहे:

मी, सिराजुद्दीन, कबूल करतो की पार्किंगखालची झडप मला चौदा वर्षे माहीत होती. माझ्यावाचून चालू नये म्हणून मी ती कोणालाही दाखवली नाही. त्यामुळे इमारत क्रमांक सहा बुडाली. ही चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही.

तुझाच अब्बा,
सिराजुद्दीन